लाईनवर माणूस बोलायला लागलं की

लाईनमनच्या पिशवीत तारेचे तुकडे साठत जातात. वीतभर, बोटभर. टाकवत नाहीत, कारण कधीतरी कामाला येतात. वर्षभराने पिशवी उचलली की खांदा दुखतो आणि मग कळतं, किती जमा झालं. किस्स्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कोणी गोळा करत नाही. आता गुडघ्यांमुळे मी घरी बसतो, तर पिशवी उघडून पाहतो.

मी भिकन नाना. शिक्षण सातवी. एकतीस वर्षं शहाद्यात टेलिफोनचा लाईनमन होतो. रिटायर झाल्यावर लोणखेड्याच्या एका कॉलेजात केबल टाकायला गेलो आणि कॉम्प्युटर लॅबचा अटेंडंट म्हणून तिथेच राहिलो. लॅबच्या मागे एक छोटी खोली होती. तिथे ज्योती मॅडम नेटवर्क सिक्युरिटी शिकवायच्या आणि त्यावरच संशोधन करायच्या. मॅडम धडगावच्या वरच्या पाड्यावरच्या, पावरा समाजाच्या. नोकरी कंत्राटी. दरवर्षी संस्थेची सही लागायची. तिसरा ईश्वर, लॅब टेक्निशियन, कळसाडीचा. शेतात कापूस, तोंडात टोमणा.

एवढेच आम्ही तिघे. त्या खोलीला कुलूप लागायची आणि मॅडमची नोकरी जायची वेळ एकदा आली होती. ते शेवटी सांगतो. आधीचं आधी.

*

पहिल्या दिवशी मॅडमनी स्क्रीनवर एक प्रोग्राम चालू केला. रंगीत ओळी वरून खाली पळायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, नेटवर्कच्या वायरमधून जे जातं ते तुकड्यातुकड्यांनी जातं. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. हा प्रोग्राम प्रत्येक पॅकेट पकडून दाखवतो. कोणाकडून निघालं, कोणाकडे चाललं. नेटवर्कमध्ये चोर शिरला तर इथे त्याची पावलं दिसतात.

मी म्हणालो, "हे तर माझ्या कमरेला एकतीस वर्षं लटकत होतं."

ईश्वर हसला. दुसऱ्या दिवशी मी घरून माझा टेस्ट फोन आणला. काळा, जड, दोन चिमट्यांचा. खात्याने मोडीत काढला तेव्हा मागून घेतलेला. खांबावर चढायचं, दोन तारांना दोन चिमटे लावायचे, फोन कानाला लावायचा. टोन ऐकू आला तर लाईन जिवंत.

पण कधीकधी त्याच वेळी लोक बोलत असायचे. मला ज्यांनी काम शिकवलं त्या जुन्या मेस्त्रींचा नियम होता. लाईनवर माणूस बोलायला लागलं की चिमटे काढायचे. आधी काढायचे, विचार नंतर करायचा.

खाली उतरलो की लोक चहा घेऊन उभे. कोणाची सोयरीक जुळली, कोणाची मोडली, कोण कोणाला काय म्हणालं, हे लाईनमनला ठाऊक असतं असं सगळ्या शहाद्याला वाटायचं. माझं उत्तर ठरलेलं. "लाईन चांगली आहे." नाहीतर, "लाईन खराब आहे." तिसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

चहा मात्र प्यायचो.

मॅडमनी तो फोन बराच वेळ हातात धरला. म्हणाल्या, "नाना, तुमच्या मेस्त्रींचा नियम आमच्या पुस्तकात तीन पानं आहे. आणि तरी नीट लिहिलेला नाही."

*

ईश्वरने एकदा विचारलं, हा प्रोग्राम केवढ्याला पडला. मॅडम म्हणाल्या, फुकट. ओपन सोर्स आहे. म्हणजे आत काय लिहिलंय ते कोणीही उघडून पाहावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं आणि ती दुरुस्ती सगळ्यांना द्यावी. जगभरातली माणसं एकमेकांचं तोंड न पाहता हे बांधतात.

फुकटच्या मालावर माझा विश्वास नाही. मी तसं स्पष्ट बोललो.

मॅडम म्हणाल्या, "नाना, आमच्या पाड्यावर घर बांधायचं असलं की लाहा बोलावतात. घरोघरचा एक माणूस येतो. कोणी लाकूड तासतो, कोणी कुडाला माती लिंपतो. मजुरी नाही. घरधन्याने जेवण द्यायचं. हा प्रोग्राम असाच लाहा करून उभा राहिलाय."

हे मला पटलं. सातपुड्यात खांब रोवायला गेलो होतो तेव्हा लाहा पाहिला होता मी. एका दिवसात घर उभं राहताना पाहिलं होतं. पण त्यात एक गोष्ट असते. ज्यांनी तुमच्याकडे दिवस दिला, त्यांच्याकडे तुम्हीही दिवस द्यायचा.

मी विचारलं, "मग आपला दिवस कधी द्यायचा?"

मॅडमनी उठून तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला. वर्षभर कोणी पुसला नाही.

*

कॉलेजचं नेट फार स्लो झालं होतं. मॅडमनी प्राचार्यांकडून लेखी परवानगी घेतली आणि ऑफिसच्या वायरवर प्रोग्राम लावला. नेटचा फॉल्ट वेगळाच निघाला, तो सापडला. पण त्या ओळींमध्ये एक हाक सारखी दिसत होती. ऑफिसातला प्रत्येक कॉम्प्युटर एकच पत्ता विचारत होता. या नंबरचा कोण आहे? असेल तर मला सांगा. उत्तर कोणी देत नव्हतं. तरी पुन्हा विचारत होते.

मला आमची जुनी एक्स्चेंज आठवली. माणूस वारला तरी त्याचा नंबर बोर्डावर असायचा. परगावचे लोक फोन लावायचे, घंटी वाजत राहायची. बंद घरात घंटी वाजताना मी खांबावरून ऐकली आहे. ती वेगळी वाजते. कोणाला पटो न पटो.

मॅडमनी जुन्या वह्या काढल्या. तो पत्ता ऑफिसच्या एका प्रिंटरचा होता. प्रिंटर चार वर्षांपूर्वी बिघडला. वायर काढली, पण कॉम्प्युटरांना कोणी सांगितलं नाही. मग प्रिंटर गेला कुठे? आम्ही तिघे ऑफिसात गेलो. हेडक्लार्क अप्पांनी बोट दाखवलं. कोपऱ्यात प्रिंटर होता. त्याच्यावर फडकं, फडक्यावर पाण्याचा माठ.

मॅडमनी विचारलं, हा अजून टाकला का नाही?

अप्पा म्हणाले, "फेकाना कसाले? माठ त्यानावर बराबर बसस."

*

इंग्रजी मला अक्षरापुरतं येतं. पण रोज दुपारी मी त्या ओळींसमोर बसायचो. ईश्वरला चेष्टा सुचायची. "नाना, तुमले इंग्रजी येत नही, मंग काय वाची ऱ्हायनात?"

मी सांगायचो, "वाची नही ऱ्हायनू. देखी ऱ्हायनू."

एक दिवस मॅडमना हाक मारली. लायब्ररीतला एक कॉम्प्युटर बाहेर कोणाशी तरी बोलत होता. थोडंसं बोलायचा, गप्प व्हायचा. बरोबर दहा मिनिटांनी पुन्हा तेवढंच. मी घड्याळ लावून बसलो होतो. साखर कारखान्याचा भोंगाही इतका नेमाने वाजत नाही.

मी म्हणालो, "मॅडम, हे माणसाचं बोलणं नाही. माणूस थांबतो, खोकतो, विसरतो. मध्येच बायको हाक मारते."

मॅडमनी तपासलं. व्हायरस होता. दर दहा मिनिटांनी आपल्या मालकाला कळवत होता की मी इथे आहे. मॅडमच्या विद्यार्थ्यांच्या नजरेतून तो महिनाभर सुटला होता. पी.टी.च्या सरांनी भाच्याच्या हळदीत वाजवायची गाणी लायब्ररीत बसून पेनड्राईव्हमध्ये भरली होती. पेनड्राईव्ह डीजेवाल्याचा. त्याच्यातूनच तो आला होता.

मॅडमनी सरांना अर्धा तास समजावलं. काय होऊ शकलं असतं, काय काय गेलं असतं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "पन गाना तर चांगला शेतस ना?"

तो कॉम्प्युटर पकडला त्या दिवशी मॅडमनी वहीत नोंद केली. 'प्रथम लक्षात आले: भिकन नाना.' ते पान मी नंतर दोनदा जाऊन पाहिलं.

*

सारंगखेड्याच्या यात्रेला आम्ही तिघे गेलो होतो. अनोळखी वायफायला मोबाईल जोडू नका, हे लोकांना सांगायचं होतं. पूर्वी त्या यात्रेत तात्पुरता फोन असायचा, आणि ती लाईन माझी. अख्ख्या घोडेबाजाराला एक फोन. व्यापारी रांग लावून उभे. एका वर्षी कोणी तरी उमदा घोडा माझ्या खांबाला बांधला. घोडा बुजला, खांब कलला, आणि बाजार दुपारपर्यंत मुका. शेवटी मी त्या खांबाला टेकून उभा राहिलो आणि बोलणी झाली.

आता प्रत्येकाच्या हातात फोन. मॅडमच्या लॅपटॉपवर वायफायची नावं दिसत होती. त्यात एक होतं, 'यात्रा फ्री'. पासवर्ड नाही. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. अशा नावाने जाळं लावून लोकांचे पासवर्ड चोरतात. त्या स्वतः जोडल्या नाहीत. फक्त त्याचा जोर कुठे वाढतो ते पाहत निघाल्या. फॉल्ट शोधायचीही हीच रीत. मी पुढे झालो. डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. लगामांची दुकानं मागे टाकली, जिलेबीचं दुकान मागे टाकलं. जोर वाढत वाढत एका तंबूशी पूर्ण झाला.

तंबूसमोर पांढरी घोडी. शेजारी राजस्थानचा व्यापारी, खिशात मोबाईल. वायफाय त्याचंच. चोरी वगैरे काही नाही. नेट शोधत लोक फिरतात आणि जोर जिथे जास्त तिथे येऊन उभे राहतात, हे त्याने हेरलं होतं.

मॅडमनी त्याला खडसावलं. लोक अशाने फसतात, म्हणाल्या.

त्याने हात जोडले. "आप भी तो आ ही गए, बहनजी. अब घोड़ी तो देख लो."

ईश्वरने घोडीचे दात मोजून वय काढलं. घोडी खरंच चांगली होती.

*

मॅडम पकडलेली पॅकेट फाईल करून ठेवायच्या. एक फाईल मी पकडलेली होती, म्हणून तिला मराठीत नाव दिलं, 'भिकन नाना'. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम ती फाईल उघडेना. बाकी सगळ्या उघडत होत्या. नाव इंग्रजीत केलं की उघडायची, मराठीत केलं की अडायची.

मॅडम आनंदाने उभ्या राहिल्या. मला कळेना, काम अडलं तर आनंद कसला. त्यांनी आतला मजकूर उघडला. तीन दिवस त्या आणि ईश्वर खाली मान घालून बसले. चूक सापडली. दुरुस्ती लिहून मॅडमनी ती प्रोग्राम बांधणाऱ्यांना पाठवली. तिकडून प्रश्न आले, यांनी उत्तरं दिली. काही दिवसांनी दुरुस्ती सगळ्यांच्या प्रोग्राममध्ये गेली. आता कोणत्याही मुलखातल्या माणसाने आपल्या अक्षरात नाव दिलं तरी फाईल उघडते.

मॅडमनी फडकं घेतलं आणि फळ्याच्या कोपऱ्यातला माझा प्रश्न पुसला.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. माझ्या नावाने जगभरातला प्रोग्राम अडला होता, म्हटलं. ती भाकरी थापत होती. मान वर केली नाही. म्हणाली, "तुमनं नाव उनं की काम अडसच. यामा नवं काय शे?"

*

आता कुलपाचं.

प्राचार्यांच्या परवानगीनेच मॅडमचं एक मोठं काम चाललं होतं. कॉलेजच्या वायरवरची पॅकेट सकाळपासून पकडायची, संध्याकाळपर्यंत. दुपारी मॅडम वर्गावर, ईश्वर जेवायला. मी समोर. एक ओळ उघडी होती. कॉलेजची हजेरीची वेबसाइट जुनी होती, कुलूप नसलेली. त्यातून प्राचार्यांचं नाव आणि पासवर्ड उघड्यावर चालला होता. मला वाचता आला. काय होता ते आजवर कोणाला सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही.

लाईनवर माणूस बोलायला लागलं होतं. मी हात घातला आणि वायर उपसली.

मध्येच खंड पडला, दिवसभराचं काम गेलं. मॅडम आल्या, पांढऱ्या पडल्या. वायर का काढली, विचारलं. मी कारण सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, चूक माझी आहे. प्रोग्रामला आधीच सांगायला हवं होतं की फक्त पत्ते ठेव, आतलं ठेवू नकोस. तशी सोय त्यात होती. त्या दिवसापासून ती कायम चालू राहिली.

ईश्वर म्हणाला, "मॅडम, कोनले सांगू नका. नुसतं लफडं व्हई."

मॅडम म्हणाल्या, "घराचं दार उघडं दिसलं तर घरधन्याला सांगायचं असतं." आणि त्या गेल्या. साइट बदला, पासवर्ड बदला, असं प्राचार्यांना सांगून आल्या.

प्राचार्यांनी त्यातलं एकच ऐकलं. यांनी माझा पासवर्ड पाहिला. आठ दिवसांत सगळ्या कॉलेजात झालं की मागच्या खोलीत सगळ्यांचं बोलणं ऐकतात. स्टाफरूममध्ये मॅडम आल्या की लोक मोबाईल खिशात घालायचे. मग नोटीस आली. प्रोग्राम काढायचा, खोली बंद, आणि मॅडमच्या कंत्राटावर या वर्षी सही करायची की नाही ते संस्थेचे अध्यक्ष ठरवतील.

*

अध्यक्ष म्हणजे शहाद्यातले कापडवाले शेठजी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले. शेठजींचं वय आता ऐंशीच्या पुढे, हातात काठी. त्यांच्या दुकानाचा फोन दोन आकडी नंबराचा, शहाद्यातल्या पहिल्या काही फोनांपैकी. दुकानासमोरचा खांब माझा.

सकाळी अकरा वाजता प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. शेठजी, प्राचार्य, हेडक्लार्क अप्पा, आम्ही तिघे. खोलीची किल्ली माझ्याकडे होती, ती टेबलावर ठेवायला सांगितली. मी ठेवली आणि भिंतीशी उभा राहिलो.

प्राचार्यांनी तक्रार वाचली. मॅडमनी त्यांच्याच सहीची परवानगी पुढे ठेवली. प्राचार्य म्हणाले, नेट सुधारायला परवानगी दिली होती, ऐकायला नाही.

शेठजींनी मॅडमना विचारलं, या प्रोग्रामने लोकांचं बोलणं कळतं का.

ईश्वर माझ्या बाजूला कुजबुजला, नाही म्हणावं, सुटेल. मॅडमनी नाही म्हटलं नाही. म्हणाल्या, आता बहुतेक बोलणं कुलूपबंद जातं, ते कळत नाही. जे उघडं जातं ते कळू शकतं. म्हणून तर ते उघडं जाऊ नये यासाठी हे काम आहे.

शेठजी म्हणाले, "म्हणजे ऐकू शकतं. मग तुम्ही ऐकत नाही, याची खात्री मला कोण देणार?"

मॅडमकडे लेखी नियम होते, ते त्यांनी हातात धरले होते. पण ते त्यांनी स्वतःच लिहिलेले. खाली पाहून त्या कागद सारखे करू लागल्या. प्राचार्यांनी किल्ली उचलून ड्रॉवर उघडला.

शेठजींची नजर फिरत माझ्यावर आली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तू भिकन ना? खांबावरचा?"

"हो, शेठजी."

"इथे आहेस?"

"या खोलीतच असतो. मॅडमबरोबर."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग आवाज खाली आणला. केबिनमध्ये पंखा होता, तरी सगळ्यांना ऐकू आलं.

"त्या दुपारी दुकानासमोर खांबावर तूच होतास."

कोणती दुपार, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

"होतो."

"चिमटे लावलेले होते."

"होते."

प्राचार्य ड्रॉवरवर हात ठेवून थांबले. मॅडमनी मान वर केली.

"इतकी वर्षं झाली. तू कधी बोलला नाहीस. आज सांग. काय होतं?"

मी म्हणालो, "लाईन चांगली होती."

शेठजींनी हात पुढे केला. प्राचार्यांना आधी कळलं नाही, मग त्यांनी किल्ली दिली. ती त्यांनी मॅडमपुढे ठेवली. अप्पांकडून कंत्राटाचा कागद मागून घेतला, सही केली आणि उठले. मी दार उघडून धरलं.

दाराशी काठी थांबली. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "आणि लाईनच्या तिकडच्या बाजूने?"

"तिकडूनही चांगली होती, शेठजी."